रेखांकनातील खुली जागा, रस्ते आणि दुकाने: खान्देशातील वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे नव्या वसाहतींच्या रेखांकनाविषयी, म्हणजे बोलीभाषेत लेआउटविषयी आहेत. त्यांतील सहा पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. उत्तरांचा आधार मुख्यत्वे राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आहे. 2 डिसेंबर 2020 रोजी मंजूर झालेली ही नियमावली मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता राज्याच्या बहुतेक भागाला लागू आहे. तिच्यात वेळोवेळी दुरुस्त्या होत असतात, त्यामुळे प्रत्यक्ष प्रस्ताव दाखल करताना आपल्या नगररचना कार्यालयातून चालू तरतूद एकदा पडताळून घ्यावी.

प्रश्न: अमळनेर येथे नगरपरिषद हद्दीत, निवासी विभागात आम्हा दोघा भावांची अडीच हेक्टर वडिलोपार्जित जमीन आहे. आमच्या आर्किटेक्टने तयार केलेल्या कच्च्या रेखांकनात खुली जागा अगदी मागच्या बाजूला, नाल्याच्या कडेला दाखवली आहे. तिकडचे प्लॉट तसेही लवकर विकले जात नाहीत, असे त्यांचे म्हणणे आहे. हे नियमात बसते का आणि बसत असेल तर तसेच करावे का? (एक वाचक, अमळनेर)

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आपणच वेगळे केलेत, हे फार बरे झाले, कारण बहुतेक जमीनमालक पहिल्या भागापाशीच थांबतात.

आधी हिशेब पाहू. आपल्या जमिनीतून विकास आराखड्यातील रस्ता जात नाही आणि तिच्यावर सार्वजनिक कामासाठीचे आरक्षणही नाही असे धरले, तर 25,000 चौरस मीटर क्षेत्रावर दोन गोष्टी सोडाव्या लागतील. पहिली म्हणजे रहिवाशांच्या करमणुकीसाठीची खुली जागा. 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात ती 10 टक्के असावी लागते, म्हणजे आपल्याकडे 2,500 चौरस मीटर. दुसरी म्हणजे सुविधा क्षेत्र. शहरी स्थानिक संस्थांच्या हद्दीत 20,000 चौरस मीटरच्या वरच्या जमिनीला ते 5 टक्के लागते, म्हणजे 1,250 चौरस मीटर. या दोहोंची गल्लत पुष्कळदा होते. खुली जागा ही त्या वसाहतीच्या रहिवाशांनी बसण्याची, मुलांनी खेळण्याची जागा आहे. सुविधा क्षेत्र हे शाळा, दवाखाना, बाजार यांसारख्या सोयींसाठी असून त्यांचा उपयोग आसपासच्या वस्तीलाही व्हावा अशी अपेक्षा असते. एकाचे क्षेत्र दुसऱ्यात दाखवता येत नाही.

खुल्या जागेबद्दल नियमावली केवळ टक्केवारी सांगून थांबत नाही. ही जागा शक्यतो एकाच ठिकाणी असावी, तिचा आकार खेळण्याजोगा असावा, आणि ती चिंचोळी पट्टी होऊ नये म्हणून किमान रुंदी व लांबी-रुंदीचे प्रमाणही घालून दिले आहे. 2,500 चौरस मीटर म्हणजे 50 मीटर बाय 50 मीटरचा चौरस होतो. त्यात मुले क्रिकेट खेळू शकतात, कडेने वृद्ध फेऱ्या मारू शकतात आणि चार कोपऱ्यांत कडुनिंब वाढू शकतात. तेच क्षेत्र नाल्याच्या काठाने 10 मीटर रुंद आणि 250 मीटर लांब पसरले, तर कागदावरचा आकडा तेवढाच राहतो आणि जागा कुणाच्याच उपयोगाची राहत नाही. आपला आर्किटेक्ट लांबी-रुंदीचे प्रमाण सांभाळून मागच्या बाजूचा एक ठोकळा खुली जागा म्हणून दाखवत असेल, तर तो प्रस्ताव नियमात बसूही शकेल. आपण तसे करू नये, असे मात्र माझे स्पष्ट मत आहे.

याचे पहिले कारण नजर हे आहे. खुली जागा शेवटच्या ओळीच्या मागे गेली की तिच्याकडे घरांच्या पाठी होतात. मागच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे काय चालले आहे हे कुणाला दिसत नाही, म्हणून तिथे आधी बांधकामाचा राडारोडा पडतो, मग कचरा पडतो, मग काटेरी बाभळी माजतात, आणि काही वर्षांनी ‘पडीक जागा आहे, काहीतरी बांधून टाकू’ असा ठराव होतो. हीच जागा वसाहतीच्या मध्यावर, निदान दोन बाजूंना रस्ता आणि रस्त्यापलीकडे घरांचे दर्शनी भाग अशी ठेवली, तर ओट्यावर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात मुले राहतात. राखणीला वेगळा माणूस ठेवावा लागत नाही.

दुसरे कारण आपल्या प्रदेशाचे ऊन हे आहे. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जाणाऱ्या प्रदेशात खुली जागा वापरली जाते ती सकाळी लवकर आणि दिवस मावळल्यावर. त्या वेळी तिथवर चालत जाण्याचे अंतर थोडे असेल आणि वाटेवर दिवे असतील, तरच बायका आणि वयस्कर मंडळी घराबाहेर पडतात. वसाहतीच्या टोकाला, नाल्याकाठच्या अंधारात ती जाणार नाहीत.

नाल्याकडच्या बाजूचे काय, हा प्रश्न उरतोच. नाल्यापासून बांधकामासाठी जे अंतर सोडावे लागते ते सोडून आणखी थोडी पट्टी झाडांसाठी व पायवाटेसाठी राखावी, असे मी सुचवेन. काळ्या मातीच्या जमिनीत पावसाचे पाणी मुरायला वेळ घेते आणि उताराच्या शेवटी ते साचते, म्हणून नाल्याकाठचा तो भाग उंच भराव घालून प्लॉटमध्ये बदलण्याचा मोह टाळावा. भराव घातला की पाणी शेजाऱ्याच्या शेतात किंवा आपल्याच वरच्या ओळीतील प्लॉटमध्ये शिरते, आणि काळी माती ओली झाल्यावर फुगते व वाळल्यावर आकसते, तेव्हा कंपाउंडच्या भिंती आधी तडकतात.

आता रस्ते. निवासी रेखांकनातील अंतर्गत रस्त्याची रुंदी त्याच्या लांबीवर ठरते: 150 मीटर लांबीपर्यंत 9 मीटर, 150 ते 300 मीटरपर्यंत 12 मीटर आणि त्यापुढे 15 मीटर. आपली जमीन साधारण 200 मीटर लांब असेल, तर सरळ जाणारा मुख्य रस्ता 12 मीटरचा होईल. काही जण हा रस्ता मध्येच तोडून दोन तुकडे करतात आणि दोन्हीकडे 9 मीटर दाखवतात. 200 मीटर लांबीवर 3 मीटर वाचले म्हणजे 600 चौरस मीटर जमीन विक्रीला मिळते, हा त्यामागचा हिशेब आहे. पण 9 मीटरच्या रस्त्यात दोन्ही कडांना गटार, विजेचे खांब आणि उभी वाहने आल्यावर झाडाला जागा उरत नाही. 12 मीटरच्या रस्त्यात एका कडेला तरी सावलीची रांग लावता येते. उन्हाळ्यात त्या वसाहतीत पायी फिरता येईल की नाही हे त्या रांगेवर ठरते.

रस्त्यांची दिशा शक्य तेथे पूर्व-पश्चिम ठेवावी. म्हणजे प्लॉट उत्तर-दक्षिण तोंडाचे होतात, घरांची लांब दर्शनी बाजू उत्तरेला किंवा दक्षिणेला येते, आणि दुपारनंतरचे तिरपे पश्चिमेचे ऊन आडव्या बाजूच्या भिंतीवर, जिथे खिडक्या कमी ठेवता येतात तिथे पडते. नियमावलीत ही सक्ती नाही. रेखांकनाच्या कागदावर हा बदल करायला खर्च येत नाही, घर बांधून झाल्यावर मात्र तो कोणत्याच खर्चाने होत नाही.

भावाभावांत वाटणीचा प्रश्न असेल, तर खुल्या जागेभोवतीचे प्लॉट दोघांत समसमान येतील अशी ओळ आखावी. त्या प्लॉटना भाव चांगला येतो, असे माझ्या पाहण्यातील अनेक वसाहतींत दिसले आहे, आणि आर्किटेक्टच्या ‘विकले जात नाहीत’ या शंकेला ते बऱ्यापैकी उत्तर आहे.

प्रश्न: जळगावातील आमच्या जुन्या वसाहतीत सुमारे 1,100 चौरस मीटरची खुली जागा आहे. काही रहिवाशांनी तिच्यावर मोठे सभागृह बांधून ते लग्नकार्याला भाड्याने देण्याचा घाट घातला आहे. उत्पन्न वसाहतीच्याच कामी येईल, असे ते म्हणतात. हे चालते का? (एक वाचक, जळगाव)

उत्पन्न कुणाच्या कामी येईल यावर या प्रश्नाचे उत्तर अवलंबून नाही. खुली जागा रेखांकनात ज्या उपयोगासाठी मंजूर झाली, तोच तिचा उपयोग राहतो, आणि तो उपयोग सर्व भूखंडधारकांचा सामाईक असतो. ठरावीक किमान क्षेत्राच्या खुल्या जागेत व्यायामशाळा, क्लबहाउस, योगकेंद्र, बालवाडी अशा रहिवाशांच्या उपयोगाच्या लहान बांधकामाला नियमावली वाव देते. त्याचे बांधीव क्षेत्र खुल्या जागेच्या 15 टक्क्यांच्या आत असावे लागते. 1,100 चौरस मीटरवर ही मर्यादा 165 चौरस मीटर होते. बाहेरच्या लोकांना भाड्याने द्यायचे मंगल कार्यालय हा वेगळाच, व्यावसायिक स्वरूपाचा उपयोग आहे. त्याला वाहनतळ लागतो, स्वयंपाकाची जागा लागते, ध्वनिक्षेपक येतो, आणि यातले काहीच खुल्या जागेच्या हेतूत बसत नाही.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा 1991 चा बंगळूर मेडिकल ट्रस्ट प्रकरणातील निर्णय आजही आधारभूत मानला जातो. तिथे एका वसाहतीच्या आराखड्यात उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती. रुग्णालयही लोकोपयोगीच आहे, हा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. उद्यानाची गरज रुग्णालयाने भागत नाही, आणि रहिवाशांना अशा वाटपाविरुद्ध दाद मागता येते, असा त्या निर्णयाचा आशय आहे. आपल्याकडच्या सभागृहापेक्षा ते रुग्णालय कितीतरी अधिक निकडीचे होते, हे ध्यानात घ्यावे.

आपल्या वसाहतीचे रेखांकन जुने असल्याने त्या वेळच्या बिनशेती आदेशातील अटी काय होत्या हे आधी पाहावे लागेल. मंजूर रेखांकनाची आणि आदेशाची प्रत आपल्याकडे नसेल, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. 2005 च्या कायद्यानुसार 30 दिवसांत उत्तर मिळायला हवे. त्यानंतर आधी सभागृहाचा आग्रह धरणाऱ्या शेजाऱ्यांसमोर ती प्रत ठेवावी. अनेकदा त्यांनी ती कधी पाहिलेलीच नसते आणि कागद दिसला की विषय तिथेच मिटतो. तरीही काम सुरू झालेच, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 53 खाली अनधिकृत बांधकाम हटवण्याची नोटीस बजावण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरणाला आहे, आणि आपली लेखी तक्रार तिथेच द्यावी. पाया भरण्याच्या आधी दिलेल्या तक्रारीचे वजन स्लॅब पडल्यानंतरच्या तक्रारीपेक्षा कितीतरी जास्त असते.

प्रश्न: धुळ्यात रुंद रस्त्यावर माझा 600 चौरस मीटरचा कोपऱ्याचा प्लॉट आहे. खाली दुकाने आणि वर सदनिका असे बांधायचे आहे. नियमाने किती बांधता येईल आणि आराखडा करताना कोणती काळजी घ्यावी? (एक वाचक, धुळे)

धुळेकरांना मिश्र वापराची इमारत नवी नाही. ब्रिटिश अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी 1819 मध्ये इथे जिल्ह्याचे ठाणे आणले आणि व्यापार-उदीम करणाऱ्यांसाठी नवी पेठ आखली. त्या भागात सरळ, समांतर गल्ल्या आहेत, त्या अजूनही क्रमांकाने ओळखल्या जातात, आणि खाली दुकान, वर बिऱ्हाड ही रीत तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दुकानदार आणि वरचा रहिवासी एकच कुटुंब होते, तोवर त्या रीतीला वेगळे नियम लागले नाहीत. आता खालचे गाळे दहा जणांचे आणि वरच्या सदनिका दुसऱ्या दहा जणांच्या असतात. म्हणूनच आराखड्यात काळजी घ्यावी लागते.

नियमावलीने निवासी क्षेत्राचे रस्त्याच्या रुंदीनुसार दोन वर्ग केले आहेत. अरुंद रस्त्यावर किराणा, औषधे, शिंपी, डॉक्टरचा दवाखाना अशा दैनंदिन गरजेच्या दुकानांनाच मुभा आहे. रुंद रस्त्यावर व्यापारी उपयोगांची यादी बरीच मोठी होते. आपला रस्ता कोणत्या वर्गात पडतो हे मोजणीच्या नकाशावरील रुंदीवरून ठरेल, प्रत्यक्ष डांबरावरून ठरणार नाही.

क्षेत्राचा हिशेब असा. दाटवस्तीबाहेर मूळ चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) 1.10 आहे, म्हणजे 600 चौरस मीटरवर 660 चौरस मीटर. त्यातले 160 दुकानांना आणि 500 घरांना ठेवले असे समजू. अधिमूल्य (प्रीमियम) भरून निवासी भागावर 60 टक्क्यांपर्यंत आणि अनिवासी भागावर 80 टक्क्यांपर्यंत पूरक निर्देशांक मिळतो. तो घरांसाठी 300 आणि दुकानांसाठी 128 होईल. एकूण 1,088 चौरस मीटर. रस्त्याच्या रुंदीप्रमाणे याखेरीज अधिमूल्याचा निर्देशांक आणि हस्तांतरणीय विकास हक्कही (टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीवरचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) वापरता येतात. मात्र एवढ्या प्लॉटवर खरी मर्यादा निर्देशांकाची नसते, वाहनतळाची असते. वाहनांची संख्या सदनिकेच्या चटई क्षेत्रावर आणि शहराच्या आकारमानानुसार दिलेल्या गुणकावर ठरते, आणि प्रत्येक मोटारीला 2.5 मीटर बाय 5 मीटर जागा द्यावी लागते. त्यात वळायची जागा मिळवली की तळमजल्याचा किती भाग उरतो, हे आधी कागदावर मांडून पाहावे आणि मग गाळ्यांची संख्या ठरवावी. उलट क्रमाने गेल्यास वाहने रस्त्यावर येतात, आणि कोपऱ्याच्या प्लॉटवर ती वळणावरच उभी राहतात.

आराखड्याबद्दल माझा पहिला आग्रह जिन्याविषयी आहे. घरांचा जिना आणि लिफ्ट गाळ्यांच्या रांगेतून न काढता बाजूच्या रस्त्यावर उघडावी. कोपऱ्याचा प्लॉट असल्याने आपल्याला ती सोय आयतीच मिळाली आहे. रात्री शटर पडल्यानंतर दोन बंद गाळ्यांमधल्या अंधाऱ्या बोळातून मुलीबाळींना घरी जावे लागू नये. रहिवाशांची वाहने आणि गिऱ्हाइकांची वाहने यांची जागाही वेगळी असावी, नाहीतर रोज संध्याकाळी वाद ठरलेला. दुकानांच्या मालाची चढ-उतार कुठे होईल, जनरेटर आणि वातानुकूलन यंत्रांचे बाहेरचे भाग कुठे बसतील, हे नकाशात आजच दाखवावे. ते दाखवले नाहीत, तर पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली येऊन बसतात.

दर्शनी सामासिक अंतर, म्हणजे इमारतीसमोर सोडायची मोकळी जागा, हे दुकानाचा माल मांडण्यासाठी नसते. त्या जागेत सलग ओटा आणि वर छज्जा ठेवून पायी चालणाऱ्याला सावली दिली, तर गिऱ्हाइकही तिथे थांबेल. खालच्या गाळ्याच्या करारनाम्यात उपयोगांची यादी लिहून घ्यावी: वेल्डिंग, रंगकाम, गॅसच्या टाक्यांचा साठा, फटाके आणि मोठ्या भट्टीचे खाद्यगृह हे घरांखाली नकोतच. 500 चौरस मीटरच्या वरचा प्लॉट असल्याने पावसाचे पाणी जिरवण्याची वा साठवण्याची व्यवस्थाही करावी लागेल. ती नावापुरता एक पाइप सोडून करू नये, धुळ्यात नळाला रोज पाणी येत नाही याची आठवण ठेवून करावी.

प्रश्न: नंदुरबार तालुक्यातील आमच्या गावात गावठाणापासून दीडशे मीटरवर शेत आहे. तिथे घरे बांधायला बिनशेती परवानगी लागते का? (एक वाचक, नंदुरबार)

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतील जमीन, लागू असलेल्या रकमा भरल्यावर, निवासी उपयोगासाठी अकृषिक झाल्याचे मानले जाते. वेगळ्या परवानगीची गरज राहत नाही. मात्र ही सवलत जमिनीच्या महसुली उपयोगापुरती आहे. रेखांकन आणि बांधकाम यांची मंजुरी घ्यावीच लागते, आणि खुली जागा, रस्त्यांची रुंदी, सामासिक अंतरे यांचे नियम तिथेही लागू होतात. 200 मीटर हे अंतर गावठाणाच्या अधिकृत हद्दीपासून मोजतात, शेवटच्या घरापासून मोजत नाहीत.

प्रश्न: माझी मुलगी अमेरिकेत राहते. तिच्या वसाहतीत घरे, दुकाने, बाग, शाळा सगळे एका आराखड्यात बसवले आहे. आपल्याकडे प्रत्येक गट नंबर स्वतंत्र वसाहत होतो. असे एकत्रित नियोजन आपल्याकडे का होत नाही? (एक वाचिका, भुसावळ)

अमेरिकेतही हे सहज घडले नाही. क्लीव्हलँडजवळच्या युक्लिड गावाच्या खटल्यात 1926 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उपयोगांची विभागवार फाळणी, म्हणजे घरे एकीकडे आणि दुकाने-कारखाने दुसरीकडे, वैध ठरवली. त्यानंतर अनेक वर्षे बहुतेक गावांनी तेच धोरण चालवले आणि दूध आणायलाही मोटार काढावी लागावी अशी उपनगरे उभी राहिली. दरम्यान 1929 मध्ये न्यू जर्सीतील रॅडबर्न येथे क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट या नगररचनाकारांनी वेगळी मांडणी करून पाहिली: घरांची तोंडे सामाईक बागेकडे, मोटारींचा रस्ता मागून, आणि पायवाट रस्त्याला न छेदता शाळेपर्यंत. पुढे नगरपालिकांनी ‘नियोजित विकास’ हा प्रकार नियमांत आणला. त्यात विकासकाला प्लॉटचे आकार आणि अंतरे यांत सवलत मिळते, आणि बदल्यात त्याने सलग मोकळी जागा, पायवाटा व मिश्र उपयोग यांचा एकच आराखडा मंजूर करून घ्यायचा असतो. आपल्या मुलीची वसाहत बहुधा याच पद्धतीची असावी.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी तरतूद एकात्मिक नगर वसाहतीची आहे. तिला सलग 40 हेक्टर जमीन लागते. भुसावळ, यावल, रावेर या केळीच्या पट्ट्यात एका मालकाकडे तेवढी जमीन क्वचितच असते, त्यामुळे ती वाट सर्वसाधारण मालकासाठी नाही. मला अधिक व्यवहार्य वाटते ती गोष्ट म्हणजे शेजारच्या तीन-चार गटांच्या मालकांनी एकत्र येऊन एकच रेखांकन सादर करणे. चार ठिकाणच्या चार तुटपुंज्या खुल्या जागांऐवजी एक मोठे मैदान मिळते, रस्ते सरळ जुळतात, आणि दुकाने एका चौकात घेता येतात. यात अडचण कायद्याची नाही. वाटणी कशी करायची या अविश्वासाची आहे, आणि तो नोंदणीकृत करारनाम्याने दूर होऊ शकतो.

आणखी एका बाबीत आपण मागे आहोत. दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांत 4,000 चौरस मीटर व त्यावरील रेखांकनात 20 टक्के भाग दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठीच्या लहान भूखंडांना ठेवावा लागतो. 2011 च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या सुमारे 4.60 लाख आणि धुळ्याची सुमारे 3.75 लाख होती, म्हणून ही सक्ती आपल्याकडे येत नाही. त्याचा परिणाम उघड दिसतो: मोलमजुरी करणारे, रिक्षावाले, दुकानातले कामगार यांना मंजूर वसाहतीत जागा परवडत नाही, आणि ते शेतातल्या गुंठेवारीत, रस्ता-गटार नसलेल्या तुकड्यांवर घर बांधतात. ती घरे नियमित करण्यासाठी राज्याला 2001 मध्ये वेगळा कायदा करावा लागला आणि 2021 मध्ये त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या विकासासाठी वाढवावी लागली. सक्ती नसतानाही रेखांकनात एक ओळ लहान प्लॉटची ठेवली, तर मालकाचे नुकसान होत नाही. लहान प्लॉट आधी विकले जातात.

प्रश्न: चोपड्यात एका नव्या वसाहतीत प्लॉट घेण्याचा विचार आहे. समोरचा रस्ता पुढे शेताच्या बांधाला जाऊन थांबतो. विकणारे म्हणतात, ‘पुढे सगळे ओपन होईल.’ व्यवहार करण्यापूर्वी काय पाहावे? (एक वाचक, चोपडा)

रस्ता बांधापाशी थांबतो यात आपोआप दोष नाही. रेखांकनातले रस्ते लगतच्या जमिनींच्या रस्त्यांशी जुळवून घ्यायचे असतात, आणि शेजारच्या शेताचे रेखांकन होईल तेव्हा तो रस्ता पुढे नेता यावा म्हणून तो बांधापर्यंत उघडा ठेवणेच योग्य असते. आक्षेप तेव्हा घ्यावा, जेव्हा नकाशात रस्ता बांधापर्यंत दाखवलेला असून जागेवर शेवटचे दहा-बारा मीटर प्लॉटमध्ये घेतलेले असतात किंवा तिथे भिंत घातलेली असते. असा रस्ता पुढे कधीच जुळत नाही, आणि पलीकडच्या वसाहतीला दोन किलोमीटरचा वळसा पडतो. विकास आराखड्यात त्या बांधापलीकडे काय दाखवले आहे, हे नगरपरिषदेत जाऊन स्वतः पाहावे. तिथे निवासी विभाग असेल तर ‘ओपन होईल’ या शब्दाला काही आधार आहे. शेती विभाग असेल, तर तो रस्ता आपल्या हयातीत तिथेच थांबलेला राहील असे धरून चालावे.

रेखांकनाच्या प्रतीवर ‘तात्पुरते’ आणि ‘अंतिम’ यांतला कोणता शेरा आहे ते पाहावे. तात्पुरत्या मंजुरीवर रस्ते, गटारे व्हायची असतात आणि मोजणीनंतर आकार बदलू शकतात. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरील प्लॉटची योजना असल्यास महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी लागते. तो क्रमांक टाकून संकेतस्थळावरचा नकाशा आणि विक्रेत्याच्या हातातला नकाशा शेजारी ठेवून पाहावा. नोंदणीकृत प्रकल्पात दोन तृतीयांश खरेदीदारांच्या लेखी संमतीशिवाय मंजूर रेखांकन किंवा सामाईक जागा बदलता येत नाहीत, म्हणून आज जो नकाशा दाखवला जात आहे तो विक्रेत्याच्या सहीसह आपल्याजवळ ठेवावा.

यानंतर एक काम स्वतः करावे. फीत घेऊन जागेवर जावे आणि समोरासमोरच्या प्लॉटच्या हद्दीच्या दगडांमधले अंतर मोजावे. रस्त्याची रुंदी म्हणजे हद्द ते हद्द. मधली डांबराची पट्टी तीन-चार मीटरचीच असते आणि तिच्यावरून काहीच कळत नाही. नकाशात 9 मीटर आणि दगडांमध्ये आठ किंवा साडेसात भरत असेल, तर कुठल्यातरी ओळीतले दगड पुढे सरकले आहेत, आणि आपण घेत असलेल्या प्लॉटचे क्षेत्रही नकाशाशी जुळणार नाही. अशा वेळी बयाणा देण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी मागावी आणि तिचा खर्च विक्रेत्याने करावा अशी अट घालावी. मोजणीला नकार मिळाला, तर प्लॉट घेऊ नये.